अर्धवट राहिलेलं वाक्य
तापलेल्या धुळीचा वास आला की शुक्रवार पेठेतली आमची खोली आठवते. घशाच्या ऑपरेशनात वडिलांचा आवाज गेला होता. ते एका बोटानं एकेक शब्द टाइप करायचे आणि कॉम्प्युटर तो बोलून दाखवायचा. कॉम्प्युटर जुना, फार रेंगाळायचा, म्हणून मी वेगवान प्रोसेसर बसवला, तर तो तापून कॉम्प्युटर सारखा बंद पडू लागला. प्रोसेसरवरची उष्णता ओढून घेणारी पेस्ट बदलली, कॉम्प्युटरचं झाकण काढून टेबलफॅन लावला, उपयोग झाला नाही. एका दुपारी वडील आईसाठी टाइप करत होते. "माझ्यामागं तू" एवढं ऐकू आलं आणि स्क्रीन काळी झाली. "काय म्हणत हुता? परत लिवा की," आई म्हणाली. त्यांनी कीबोर्ड बाजूला सारला. मी जुना प्रोसेसर परत बसवला, सगळं नीट चाललं, पण वडील अंथरुणावरून पुन्हा उठून बसलेच नाहीत, त्यातच गेले. आई अजून ते वाक्य दर वेळी वेगळं पुरं करते आणि विचारते, "असंच हुतं नव्हं?" मी व्हय म्हणतो.