अँटिव्हायरसची फ्लॉपी आणि जिजीचा डबा

कॉम्प्युटरला अँटिव्हायरस लागतो का, असं मला कुणी विचारलं तर मी सांगतो, जरूर घ्या. एकट्या राहणाऱ्या माणसानं तर घ्यावाच. कॉम्प्युटर नसला तरी चालेल.

(भाचा म्हणतो, मामा, आता त्याची गरज उरली नाही, सगळं आतच बसवलेलं असतं. असेल. मी सांगतोय ते नव्वदच्या दशकाच्या शेवटचं, सुरतेतलं.)

तेव्हा मी हजीऱ्याच्या एका कारखान्यात होतो आणि भेस्तानला दोन खोल्यांत एकटाच राहत होतो. बायको शैला नंदुरबारला शाळेत शिक्षिका. नोकरी कायमची, ती सोडायचा प्रश्नच नव्हता. मुलगी तिच्याजवळ, आजीही तिथंच. अधूनमधून एखाद्या रविवारी शैला येऊन जायची. मुलीला सुट्टीत इथं राहावंसं वाटावं म्हणून मी कॉम्प्युटर घेतला. ती आली, मन भरेपर्यंत गेम खेळली आणि आजीकडे बरं वाटतं म्हणून परत गेली. कॉम्प्युटर राहिला. त्याचं काय करायचं हे मला ठाऊक नव्हतं, आणि माझं काय करायचं हे बहुधा त्यालाही नव्हतं.

दुकानदारानं सोबत अँटिव्हायरसची एक फ्लॉपी दिली होती. कंपनीची बस संध्याकाळी सोडायची. मी कुलूप काढायचो, भात टाकायचो आणि ती फ्लॉपी लावायचो. पडद्यावर फायलींची नावं भराभर सरकायची, आतून घरघर आवाज यायचा. घरात कुणीतरी काम करतंय असं वाटायचं. शेवटी 'व्हायरस सापडला नाही' अशी ओळ यायची. सापडणार कुठून? माझ्याशिवाय त्या कॉम्प्युटरकडे कुणी फिरकतच नव्हतं. त्या ओळीनंतर मला फार एकटं वाटायचं, आणि ते कुणाला सांगायची लाजही वाटायची.

गल्लीच्या तोंडाशी भिकन पाटलाचं लग्नपत्रिका छापायचं दुकान होतं, मागेच घर. एकदा मी तिथं उगाचच रेंगाळत होतो. भिकन म्हणाला, हल्ली दुकानातल्या कॉम्प्युटरसाठी व्हायरसची फार धास्ती वाटते. मी सहज म्हणालो की माझ्याकडे अँटिव्हायरस आहे. भिकन स्वतःच्या खुर्चीवरून उठला आणि त्यानं मला तिथं बसवलं! चहा आला. इतकी वर्षं सुरतेत काढून मला कुणी आपली खुर्ची दिली नव्हती.

मी रोज जायला लागलो. भिकनच्या आईला सगळे जिजी म्हणत. मी रोज नुसता भात खातो हे तिला कळलं आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी, ठेचा असा डबा सुरू झाला. मी डबा धुऊन परत करायचो. रिकामा. (पुढे याच डब्यानं माझा घात केला.)

एकदा भिकननं फ्लॉपी एका दिवसासाठी ठेवून घेतली. दुसऱ्या दिवशी तो ती मला परत देत होता, तेवढ्यात जिजीनं त्याचा हात धरला.

"काय टाकं तिन्हामा? आमना घरमातून रिकामं भांडं जात नई."

आता फ्लॉपी म्हणजे भांडं नव्हे, हे जिजीला समजावणार कोण? भिकन म्हणाला, जागा आहे तिच्यात, फक्त कोपऱ्यातली खिटी सरकवावी लागेल. दुकानदारानं मला बजावलं होतं की ही खिटी अजिबात हलवू नका, ती जागेवर आहे तोवर फ्लॉपीत बाहेरचं काही शिरत नाही. पण घरचं माणूस समजून कुणी काही देतंय, त्याला नाही कसं म्हणणार? खिटी सरकली. भिकननं फ्लॉपीत पत्त्यांचा खेळ भरून दिला.

भिकनच्या ओळखीनं मी बमरोलीला राजूभाईंकडे गेलो. ते कॉम्प्युटरवर साड्यांची डिझाइनं करायचे. जिजीचा नियम ऐकून ते खूप हसले आणि त्यांनी फ्लॉपीत साडीच्या काठाची एक वेल घालून दिली. मला साडीच्या काठाचा काय उपयोग? पण घरी मी ती वेल उघडून पाहत बसायचो. राजूभाईंच्या मित्रांनी बोलावलं, मग त्यांच्या मित्रांनी. प्रत्येकाला मी 'व्हायरस सापडला नाही' असा निर्वाळा द्यायचो, चहा प्यायचो आणि भरलेली फ्लॉपी घेऊन यायचो. माझ्या संध्याकाळी भरून गेल्या.

मग ऐन लग्नसराईत भिकनचा कॉम्प्युटर बंद पडला. त्याच दिवशी राजूभाईंचाही, आणि त्यांच्या मित्रांचेही. मेकॅनिक आला. त्यानं विचारलं, बाहेरची फ्लॉपी लावली होती का?

"छे," भिकन ठामपणे म्हणाला, "बाहेरची आम्ही लावूच देत नाही. फक्त सोनवणेसाहेबांची, अँटिव्हायरसची."

मेकॅनिकनं माझ्याकडून फ्लॉपी मागून घेतली आणि तपासली. अँटिव्हायरस जुना होता, ठरलेल्या तारखेला जागा होणारा नवा व्हायरस त्याला ओळखताच येत नव्हता. आणि खिटी सरकवल्यामुळे तो व्हायरस त्याच फ्लॉपीत बसून माझ्याबरोबर हिंडत होता. म्हणजे मी दारोदार जाऊन व्हायरस वाटत होतो, वर चहाही पीत होतो.

मूळ तुमच्या घरी आहे, आधी ते साफ करू, असं मेकॅनिक म्हणाला आणि रविवारी सगळे माझ्याकडे आले. भाऊ (म्हणजे मी) कसा राहतो ते बघायचं म्हणून जिजीही आली. दाराशी चपलांचा ढीग. माझ्या घरात पहिल्यांदाच इतकी माणसं जमली होती आणि ती शेवटचीच, अशी माझी खात्री होती. पुन्हा कुलूप, भात आणि घरघर. मी चहा टाकायला आत गेलो. जिजी दाराशी बसून सर्वांसाठी कांदा चिरत होती.

नेमकी त्याच दिवशी शैला आली. माझ्या दाराशी तिनं माझ्याशिवाय कुणाची चप्पल कधी पाहिली नव्हती. वर पदरानं डोळे पुसणारी म्हातारी. शैलानं पिशवी टाकली आणि हंबरडाच फोडला. जिजीनं तिला पोटाशी धरलं आणि काय झालं ते न विचारता तीही रडू लागली. मी दोन कप, चार पेले आणि एक मग असा चहा घेऊन बाहेर आलो.

शैलानं मला पाहिलं. रडणं थांबलं.

"जिवंत आहात, तर एवढी माणसं कशाला जमवलीत?"

खरं सांगतो, तिचं ते रडणं ऐकून मला बरं वाटलं.

कॉम्प्युटर साफ झाले. भिकननं आपल्या कॉम्प्युटरच्या फ्लॉपी घालायच्या फटीवर चिकटपट्टी मारली. राजूभाई जाताना गुजरातीत म्हणाले, "तमे आवजो, भाई. फ्लॉपी ना लावता." जिजी म्हणाली, "तू ये रे भाऊ. ती चकती घर ठेव."

दुसऱ्या दिवशी मी भिकनच्या घरी निघालो, पण पाय अडखळले. काय म्हणून जायचं? हातात फक्त जिजीचा डबा होता, नेहमीसारखा रिकामा. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी माघारी फिरलो, आयुष्यात पहिल्यांदा शिरा केला आणि डबा गच्च भरून नेऊन दिला.

त्यानंतर दोन दिवस भिकनचं दुकान उघडलंच नाही. तिसऱ्या दिवशी मी बघायला गेलो. अख्खं घर पोट धरून आडवं झालेलं. जिजी खाटेवर कशीबशी उठून बसली.

"भाऊ," ती म्हणाली, "तुन्ही ती चकतीच बरी व्हती."