आईसाठी आणलेलं फळ

वैशाखात आईचा ताप उतरला, पण भूक काही परतली नाही. सूर्यमाळच्या आमच्या पाड्यावर ती नाचणीची भाकर पुढ्यात घेऊन बसायची आणि तशीच सरकवून द्यायची. जव्हारच्या डॉक्टरीणबाई मला म्हणाल्या, "औषध पुरे झालं. आता अंगात रक्त भरायला हवं. पाणी भरपूर आणि फळं द्या, मोसमातली." मी मान डोलावली आणि एसटी स्टँडसमोरून छान लालचुटुक सफरचंदं घेतली. मोसमाचं कुणाच्या डोक्यात राहतं!

आईनं पिशवीत डोकावून पाहिलं आणि तिचा चेहराच उतरला.

"डॉक्टर काय सांगला? खरा सांग."

"फळं खा म्हणाली."

"मंग झाला," आई म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून निजली.

आमच्या पाड्यावर करवंद ते करवंद, जांभूळ ते जांभूळ, आंबा तो आंबा. त्यांना कुणी फळ म्हणत नाही. फळ म्हणजे बाजारातून प्लास्टिकच्या पिशवीतून येतं ते, आणि येतं तेही थेट दवाखान्यातल्या खाटेपाशी. वडिलांच्या उशाशी शेवटी अशीच सफरचंदं ठेवलेली होती. आईला आणखी काही विचारायची गरजच उरली नव्हती.

संध्याकाळी तिनं वाटणी सुरू केली. कोंबड्या वहिनीला, चांदीची कडी मला. भाऊ घाबरून मला अंगणात ओढत म्हणाला, "खरंच काय बोलली का गं डॉक्टर?" मला हसूही येत होतं आणि डोकंही भडकलं होतं. मी आत जाऊन ओरडले, "आये, तुला काहीएक झालेलं नाही!"

"बापाला पण तू ह्याच सांगलीस," ती शांतपणे म्हणाली.

माझं हसू तिथंच थिजलं. खरंच सांगितलं होतं मी तसं. मला पहिल्यांदा भीती वाटली ती तेव्हा. जायची इतकी तयारी करून बसलेलं माणूस खरोखरच जाईल, असं वाटलं.

सकाळी आईच्या डोळ्यांदेखत मी सगळी सफरचंदं शेळ्यांना घातली. मग टोपली घेऊन वाटेवरच्या करवंदीच्या जाळीत शिरले. हात ओरबाडून घेतले, बोटं चिकानं चिकट झाली. काळी करवंदं धुतली, त्यांना मीठ आणि ठेचलेली मिरची लावली आणि वाटी तिच्यापुढे ठेवली. फळ हा शब्द उच्चारलासुद्धा नाही.

आईनं एक तोंडात टाकलं. एक डोळा मिटला.

"कुठल्या जाळीची?"

"वाटेवरच्या."

"ती ढोरं पण खात नाय," आई म्हणाली आणि दुसरं उचललं. करवंदांना नावं ठेवत ठेवत तिनं वाटी रिकामी केली. मग म्हणाली, "भाकर हाय का?"

मी चुलीकडे पळालेच.

पुढे मग रोज करवंदं, वर रायवळ आंबा, आणि जांभळं पिकली तशी जांभळंही. डॉक्टरीणबाईंना फोन केला तेव्हा त्या खूश झाल्या. म्हणाल्या, करवंदात लोह असतं, क जीवनसत्त्व असतं, शिवाय रसाळ फळांनी उन्हाळ्यात अंगातलं पाणी टिकतं. आई म्हणायची, तोंड जागं होतं. मला दोघींचंही पटलं.

पण मी आणलेली करवंदं तिला काही केल्या पसंत पडेनात. एके सकाळी तिनं पदर खोचला, टोपली काखेत मारली आणि म्हणाली, "चल, जाळी दाखवतंय." तिला मध्येच चक्कर आली तर, म्हणून मी पाण्याची बाटली घेतली. चढावर मलाच धाप लागली आणि अर्धी बाटली मीच प्यायले. आई कधीच वळणापलीकडे गेली होती.

"ये गं, हिकडं गोड हायत!" वरून जाळीतून तिचा आवाज आला, तोंडात करवंदं भरलेला.

मी तिथंच दगडावर बसले आणि पोटभर रडले.