पांढऱ्या पट्ट्यांवरचं गीत

बायको जाऊन वर्ष होत आलं. चर्चमधल्या तिच्या स्मरणाच्या भक्तीत, म्हणजे प्रार्थनासभेत, तिचं आवडतं जुनं गीत तिथल्या पोरांनी वाजवावं आणि बायांनी गावं, असं पाळकसाहेबांनी ठरवलं आणि बसवायचं काम माझ्यावर टाकलं. मी जन्मभर लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट फुंकलं. शाळा चौथी. पण सूर कळतो.

पोरं नवशिकी. चौघा-पाचजणांकडं मेलोडिका, म्हणजे फुंकून वाजवायची छोटी पेटी, आणि एकाकडं ढोल. काळ्या पट्टीवर बोट न्यायचं म्हटलं की गडबडतात. म्हणून सा पेटीच्या पांढरी एक पट्टीवर धरला. सगळं गीत पांढऱ्या पट्ट्यांवरच निघतं. अवघड जागा छाटल्या, लांब सूर ठेवले. पोरं खूश, मीही खूश.

मग बाया सरावाला आल्या. पहिल्या दोन ओळी बऱ्या गेल्या. तिसरीला चाल वर चढते, तिथं सगळ्या गप्प. तोंडं मात्र हलत होती.

मेव्हणी म्हणाली, "दाजी, कुठं नेऊन टांगलं वो गाणं? शिडी आणू का?"

बाया हसल्या. मी म्हणालो, "पोरांना हेच जमतंय. जरा ताणा की."

"अक्का बी अशीच नुसती तोंड हलवायची. तुमाला कधी दिसलंच न्हाई व्हय?"

नव्हतं दिसलं. चर्चमध्ये इतकी वर्षं सूर मीच द्यायचो, आणि माझ्या क्लॅरिनेटला सोपा पडेल तोच. बायको एकदा म्हणाली होती, "आवो, थोडं खाली घ्या ना." मी म्हणालो, "तुला गाता येत न्हाई, त्याला मी काय करू?" परत ती बोलली नाही. आणि आता तिच्याच स्मरणाला मी तेच करायला निघालो होतो.

घरी बसून सगळं गीत खाली, खालच्या पांढरी पाचवर आणलं. त्यात एक काळी पट्टी येते. पोरं कुरकुरली. एक पोरगी म्हणाली, "आजोबा, सोपं हुतं ते का मोडलं?"

"चुकलं हुतं ते."

"बरोबर तर वाजत हुतं!"

मी तिचं बोट काळ्या पट्टीवर ठेवलं.

भक्तीत काळी पट्टी जवळजवळ दर वेळी चुकली. बाया मात्र तिसरी ओळ मोकळ्या गळ्यानं गायल्या. मेव्हणीनं शेजारची, बायकोची नेहमीची जागा रिकामी ठेवली होती. हा सूर तिला लागला असता. मला तेव्हा फक्त बोटं बदलायची होती.