आधी चाल, मग शब्द

माझी मुलगी चार वर्षांची होत आली तरी बोलत नव्हती. नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं. आम्ही वर्ध्याला, बोरगाव मेघेत राहायचो. शेजारची तिच्याहून लहान पोरं घडाघडा बोलायची आणि मला त्यांचा राग यायचा. एवढ्याएवढ्या पोरांचा राग, हो. बालवाडीच्या बाईंनी सांगूनच टाकलं होतं, दिवाळीपर्यंत बोलायला लागली तर आणा, नाहीतर पुढच्या वर्षी बघू. तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नव्हता. कणीक मळता मळता मी तशीच उठून बाहेर यायचे, तिचे ओठ हलताहेत का बघायचे आणि परत जायचे.

कान तपासून झाले होते. डॉक्टर म्हणाले, मोठी वाक्यं बोलू नका, एकेक शब्द सावकाश म्हणा. मी शाळेत शिकवणारी, सांगितलेलं तंतोतंत पाळायची सवय. "पाणी." "दूध." "चप्पल." सगळं एका पट्टीत, शुद्धलेखन घातल्यासारखं. मुलगी माझ्याकडे बघायची आणि निघून जायची.

"सूनबाई, पोरीसंग तार केल्यावानी काऊन बोलून राह्यली वो?" सासूबाई विचारायच्या. मी चिडायचे. दुसरा उपाय त्यांनाही सुचत नव्हता. त्या आपल्या नातीला जिलब्या आणून द्यायच्या.

मग भाद्रपद पौर्णिमेला भुलाबाई बसली, मातीची पार्वती, कोजागिरीपर्यंतची पाहुणी. गल्लीतल्या मुली रोज संध्याकाळी घरोघर जाऊन तिच्यापुढे टिपऱ्यांवर गाणी म्हणायच्या, आणि शेवटी झाकलेल्या डब्यात काय खाऊ आहे ते ओळखायच्या. घरच्या बाईने डबा हलवायचा आणि मुलींनी एका ठेक्यात विचारायचं, "गोड असंन तं लाडू का? खारं असंन तं शेव का?" "तं"वर आवाज चढायचा आणि "का"वर लोंबकळत राहायचा. माझी मुलगी त्यांच्या मागेमागे हिंडायला लागली.

घरी आली की गुणगुणायची. शब्द नाहीत, नुसतं ऊं ऊं. पण वाक्य कुठे वळतं, आवाज कुठे चढतो, उत्तरासाठी कुठे थांबायचं, हे सगळं जिथल्या तिथे. मधला "तं" तेवढा स्पष्ट. याच सुरात ती बाहुलीशी भांडायची, मलाही काहीतरी विचारायची. विचारतेय हे कळायचं, काय ते कळायचं नाही. मी हरखले वगैरे मुळीच नाही, उलट जास्तच घाबरले. एकेक शब्द म्हणणं मात्र सुटलं. ठरवून नव्हे, कंटाळून.

कोजागिरीच्या आधी आमच्या घरची पाळी आली. मी डब्यात राजगिऱ्याच्या वड्या ठेवल्या, त्याही फडक्यात गुंडाळून, म्हणजे वाजायला नकोत. मुलींचा लाडू विचारून झाला, करंजी झाली, चिवडा झाला, शेंगदाणेसुद्धा झाले. मी नाही नाही म्हणत होते आणि त्यांचा ठेका मंदावत चालला होता. मुलगी माझ्या मांडीला टेकून डब्याकडे बघत होती. मुली जरा थांबल्या, तेवढ्यात ती म्हणाली,

"त्याईनं नाई ओळखलं तं मले देशीन का?"

आवाज तिचा, चाल गल्लीची. "तं"वर चढली, "का"वर थांबली, आणि यावेळी मधली एकही जागा रिकामी नव्हती. मी नाशिककडची, असं वाक्य मी जन्मात बोलले नव्हते. इतकं मोठं वाक्य ती आपलं आपण रचेल हे माझ्या स्वप्नातही नव्हतं. आणि ती माझ्या उत्तराची वाट बघत होती.

मी झाकण काढून डबाच तिच्यापुढे ठेवला. "काकू, असं नाई चालत, आमी हरलो नाई अजून," मुली कुरकुरायला लागल्या. मला त्या ऐकूही येत नव्हत्या.

"काय म्हणालीस? परत म्हण ना," मी विचारत सुटले. आर्जवं केली, हनुवटी धरली, शेवटी रडले. ती बोलेना. तिच्या तोंडात वडी होती.