पांजरपोळातून आणलेला बैल

संक्रांतीला नंदुरबारच्या पांजरपोळात चारा घालायची आमच्या कोरीटच्या घराची रीत होती. त्या वर्षी गाडीत कडबा भरून आमच्या ह्यांच्याबरोबर मीही गेले. मारवाडी शेटजींनी म्हाताऱ्या, लंगड्या, टाकून दिलेल्या जनावरांसाठी ते आवार बांधलेलं. बाकीची जनावरं कडब्यावर तुटून पडली. एक तांबडा बैल मात्र आपला गोल गोल फिरतच राहिला. शेटजी म्हणाले, हा तेल्याच्या घाण्यावरचा. डोळ्यांना झापड बांधून उभा जन्म फिरला. आता तेलाचं मशीन आलं, घाणा बंद पडला, आणि ह्याला इथं आणून सोडला.

मला माझे सासरे आठवले. मोतीबिंदूनं डोळे गेले तेव्हापासून ते ओट्यावरच्या खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडून असत. जन्म बैलांत गेलेला माणूस, पण आता गोठ्याकडे फिरकत नव्हता. आधी अर्धी भाकर ताटात राही, पुढे ताटच जसंच्या तसं परत येऊ लागलं. असंच चाललं तर उन्हाळा काढणार नाहीत, असं वैद्यांनी तोंडावर सांगितलं होतं. सासूबाई आधीच गेलेल्या. आणि मी पडले सून. सासऱ्यांपुढे पदर ओढून उभं राहायचं, चकार शब्द काढायचा नाही. इतका राग यायचा मला, पण तो काढणार कुणावर?

"हा बैल मी नेणार," मी ह्यांना सांगितलं.

हे म्हणाले, डोकं ठिकाणावर आहे का? घरच्या धडधाकट बैलांना वैरण पुरत नाही. मी गाडीत चढायलाच तयार होईना. चार लोक बघायला लागले तसे हे नरमले. मळणीपर्यंत ठेवू म्हणाले, तोवर काही उपयोग दिसला नाही तर इथंच आणून सोडायचा. शेटजींनी हातावर पाणी घालून वचन घेतलं. विकायचा नाही, आणि मानेवर जू ठेवायचं नाही. जू नाही म्हटल्यावर ह्यांनी कपाळाला हात लावला.

गावाला हसायला विषय मिळाला. पांजरपोळात जनावर सोडतात, तिथून कुणी आणतं का? शेजारणी म्हणाल्या, पनवती दारात आणली. काहींनी दयाळू म्हटलं. दया कसली डोंबलाची! गरज मला होती. मी बैल गोठ्यात नेलाच नाही. ओट्यासमोरच्या निंबाखाली सोडला, आणि हा लागला निंबाभोवती फिरायला. बांधायचं कामच नव्हतं.

सासऱ्यांशी बोलायची मनाई होती, बैलाशी बोलायला कुणाची मनाई? मी पाटी आपटून म्हणायची, "डोळ्यांवर झापड होती तेव्हा चारा सोडला होतास का? मग आता कसली नाटकं? खा मुकाट्यानं." ओट्यावर सगळं ऐकू जात असे. दोन-चार दिवस तिकडे हालचाल नाही. मग एका सकाळी म्हातारे कूस बदलून निंबाकडे तोंड करून पडले. नंतर तेही बैलाशीच बोलू लागले, घाण्यावर होतास का, मालक मारायचा का. एकदा चाचपडत खाली उतरले, बैलाच्या मानेवरचा जुना घट्टा हातानं तपासला आणि हळद-तेल मागवलं. त्या दिवशी ताट रिकामं आलं. मी चुलीपाशी बसून पोटभर रडले.

पण ह्यांचा हेका सुटेना. म्हातारे जेवायला लागले, चांगलंच झालं, म्हणून काय बिनकामाचा बैल जन्मभर पोसायचा? ज्वारीची मळणी आली तशी मी म्हटलं, ह्यालाही खळ्यावर घ्या. हे उसळले, जू ठेवायचं नाही हे वचन विसरलीस का? मी म्हटलं, मळणीला जू कशाला लागतं? खळ्यातल्या खुंटाभोवती बैल नुसते दाव्यानं जोडून फिरवतात. शेवटी ह्यांनीच दावं आणलं.

खुंटाजवळची जागा त्याला दिली. बाहेरच्या बाजूचे बैल कणसांत तोंड घालत, अडत, ओढत. हा मात्र संथ, एका चालीनं फिरत राहिला आणि बाकीच्यांना फिरवत राहिला. गाडीतून आणून खळ्याच्या कडेला बसवलेले सासरे थोड्या वेळानं काठी टाकून आत आले. त्याच्या पाठीवर हात ठेवून मागोमाग चालू लागले. गोल वाटेला डोळे काय करायचे? कुठं ठेचकाळले नाहीत. काम थांबवून हे बापाकडे बघत राहिले.

दिवस कलता कलता मी भाकरी घेऊन गेले. सासरे बैलाला टेकून बसले होते. ह्यांनी मला हळूच विचारलं, मग, परत न्यायचा का ह्याला? मी भाकरीचं फडकं सोडू लागले.

सासऱ्यांनी ह्यांचा प्रश्न ऐकला. माझ्या बांगड्यांच्या आवाजाकडे तोंड वळवून ते म्हणाले, "पोरी, याले कोठे धाडानं नही. आनि तू आते मन्हासंगे बोल. बैलना आड कितला दिन बोलशी?"

मी पदर थोडा मागे सारला.

"आधी ती भाकर खाई ल्या," मी म्हटलं.