खुर्चीवरचे उपरणे

ठाण्याच्या एका साप्ताहिकाचा बातमीदार असताना मी जिल्ह्यातील खाडीकाठच्या एका म्युनिसिपालिटीच्या सभांना जात असे. गावाचे नाव देत नाही. त्यातली माणसे गेली, पण घरे आहेत. लोकांनी निवडलेले मेंबर तेव्हा नुकतेच येऊ लागले होते. कसे वागावे, हे तेही सभेत बसूनच शिकत होते.

त्या सभागृहात एक रीत पडली होती. पान थुंकायला किंवा कोणाशी दोन शब्द बोलायला मेंबर बाहेर गेला, की उपरणे खुर्चीच्या पाठीवर टाकून जाई. तेवढ्यात मते घेण्याची वेळ आली, तर चिटणीस त्या उपरण्याचेही एक मत मोजी. ते कोणत्या बाजूचे, हे सर्वांना ठाऊक असे. यात काही गैर आहे असे कोणाला वाटत नव्हते. मलाही वाटले नव्हते.

कोळी आणि ख्रिस्ती वस्तीच्या वॉर्डातून एक निवृत्त मास्तर निवडून आले होते. तिथल्या विहिरींचे पाणी मचूळ. पिण्याच्या पाण्यासाठी बायका गावाच्या दुसऱ्या टोकाच्या तळ्यावर जात. उन्हाळ्यात दोन खेपांत सकाळ संपे. वॉर्डात गोड्या पाण्याची एकच जागा सापडली होती. तिथे उन्हाळ्याआधी विहीर खणावी, असा ठराव मास्तरांनीच आणला होता.

ठरावाच्या दिवशी ते उभे राहिले. ती जागा आपल्या जावयाने गेल्याच महिन्यात घेतली, हे आपल्याला परवा कळले, असे त्यांनी सांगितले. म्युनिसिपालिटी ती विकत घेणार, तेव्हा आपण मत देणार नाही. अध्यक्ष म्हणाले, बसून राहायला हरकत नाही. मास्तर तरीही व्हरांड्यात जाऊन पट्टेवाल्याच्या बाकावर बसले. सवयीने उपरणे खुर्चीवर राहिले.

बाजूने सात, विरुद्ध सहा. ठराव मंजूर झाला आणि मास्तरांना आत बोलावले. आकडा ऐकून त्यांनी खुर्च्यांवरून नजर फिरवली.

"सातवा कोण?"

"आपणच," चिटणीस उपरण्याकडे बघत म्हणाला.

मास्तरांपेक्षा त्यांचे उपरणे शहाणे आहे, असे एक मेंबर बोलला. सगळे हसले. मास्तरांनी उपरणे उचलून खांद्यावर टाकले.

"उपरणंही त्याच सासऱ्याचं आहे. ते मत खोडा."

सहा विरुद्ध सहा झाले. अध्यक्षांनी आपले जादा मत ठरावाविरुद्ध टाकले. तोच ठराव सहा महिने पुन्हा आणता येत नसे, म्हणजे उन्हाळा गेला.

पायऱ्यांवर वॉर्डातली एक म्हातारी कोळीण मासळीची पाटी घेऊन निकालासाठी थांबली होती. मास्तरांनी तिला घडले ते सांगितले.

"मास्तर, तुमाला आमी भायेर बसाला धाडलं व्हतं का?"

आत बसणाऱ्यावर विश्वास राहावा म्हणून बाहेर बसलो, असे मास्तर म्हणाले. तिने पाटी डोक्यावर घेतली.

"मंग हंडा तुमीच उचला."

त्या आठवड्याच्या अंकात मी चार ओळी दिल्या. उपरण्याचा उल्लेख केला. त्यात माझे धैर्य नव्हते. मास्तरांनीच तसे लिहायला सांगितले होते.

चैत्र-वैशाखात बायका तळ्यावर जात राहिल्या. मास्तरांच्या दारावरून जाताना त्या पूर्वी थांबत, आता थांबत नसत. जागा गावाला फुकट द्यावी, असे मास्तरांनी जावयाला सुचवून पाहिले. तो बधला नाही, आणि दिवाळीलाही आला नाही.

ठराव पुन्हा आला तो दसऱ्यानंतर. या वेळी विरोधातला एक मेंबर बाजूने झाला. कारण विचारल्यावर तो म्हणाला, "आपलाच ठराव ज्याने पाडला, त्याने यात काही लपवलं नसणार." सात विरुद्ध पाच. एकाही खुर्चीवर उपरणे नव्हते. मास्तरांचे त्यांच्या खांद्यावर होते आणि मास्तर व्हरांड्यात होते.

पौषात विहिरीला पाणी लागले. मी बातमीसाठी गेलो तेव्हा ती म्हातारी काठावर होती. तिने ओंजळभर पाणी पिऊन पाहिले आणि मास्तरांकडे वळली.

"पानी गोड हाय. पन त्यो उन्हाला गेलाच ना."

मास्तर "हो" म्हणाले. म्हातारीने हंडा भरला, आणि तो तिच्या डोक्यावर चढवायला त्यांनी हात लावला.