सादी दवा क्यां छे?

ज्या लॅबमध्ये प्रयोग जमतात तिथून पेपर छापून येतात, आणि जिथे फसतात तिथे किस्से साठतात. आमच्याकडे पेपर बेताचेच निघाले, यावरून काय ते समजा! नव्वदच्या दशकात मी सुरतेच्या एका फार्मसी कॉलेजात एम.फार्म. करत होते. तिथले किस्से मला अजून पुरतायत.

माणसं मोजकीच. आमचे गाइड जरीवाला सर, पक्के सुरती. माझ्या वर्गातला कैलास, मूळचा धुळ्याकडचा, वडील बमरोलीला लूमवर. लॅबचे शिपाई रमणकाका. आणि मी, जिला गप्प बसता येत नाही.

काम काय? तर कॅन्सरचं लाल औषध चरबीच्या अगदी सूक्ष्म कणांमध्ये भरायचं. एरवी ते शिरेतून दिलं की अंगभर धिंगाणा घालतं, केससुद्धा सोडत नाही. कणांत गुंडाळलं तर गाठीत जास्त उतरेल, अशी आशा. कैलास सांगायचा, "गाठीतल्या रक्तवाहिन्यांची वीण सैल असते. कण तिथूनच आत शिरतो. घट्ट विणीच्या कापडातून नाही शिरत."

लूमवाल्याचा पोरगा, दुसरं काय सांगणार!

*

एकदा कॉलेजचे ट्रस्टी लॅब बघायला आले. सरांना वाटलं, यांना सोपं करून सांगावं.

"शेठ, आपली घारी असते ना? आत मावा, वरून तुपाचा थर. तसं आत औषध, वरून चरबी."

ट्रस्टींनी फार गंभीरपणे मान डोलावली. मग म्हणाले, "सायेब, पण डायाबिटीसवाळानुं शुं?"

सरांनी त्यांना तडक लायब्ररी दाखवायला नेलं.

*

सरांचं एक पालुपद होतं. कुठलाही रिझल्ट दाखवा, पहिला प्रश्न ठरलेला: "सादी दवा क्यां छे?" म्हणजे तुझे कण राहू देत बाजूला, नुसत्या औषधावर हाच प्रयोग केलास का? त्याच्याशी ताडून बघितल्याशिवाय ते आमच्या ग्राफकडे बघायचेही नाहीत.

ही सवय ते घरी घेऊन गेले, तिथे फसले. काकूंनी उंधियूत नवा मसाला घातला आणि विचारलं, "कसं झालंय?" सर म्हणाले, "जुन्या मसाल्याचं कुठाय? ताडून बघायला नको?"

दुसऱ्या दिवशी डब्यात नुसतं उकडलेलं रताळं. सर आमच्यासमोर मुकाट्याने खात होते. रमणकाका हळूच म्हणाले, "सर, आ सादी दवा!"

*

कण बनवायचे तर चरबी वितळवून गरम पाण्यात जोरात घुसळायला लागते. त्यासाठीचं मशीन परदेशी, आम्हाला कोण देणार? कैलास म्हणाला, "आणतो." आणि वडिलांच्या ओळखीने एका डाइंग मिलमधून रंग घोटायचं यंत्र घेऊन आला!

पहिलीच बॅच, आणि काय तो रिझल्ट! आम्ही घातलं होतं त्यापेक्षा जास्त औषध आत सापडलं. कैलास नाचायचाच बाकी होता. सरांनी बाटली उजेडात धरली. आमचं औषध लाल-नारिंगी, ही चांगली राणी रंगाची.

"भाई, यंत्र धुतलंस?"

कैलासचा चेहरा पडला. आम्ही औषध नाही, आख्ख्या लॉटच्या साड्यांचा रंग मोजला होता.

सर म्हणाले, "फेकू नको. मिसेसला हाच शेड पाहिजे होता."

*

मग औषध न घातलेली, नुसत्या चरबीची बॅच केली. ती थंडीत दह्यासारखी घट्ट झाली. प्रयोगाच्या दृष्टीने संपलंच सगळं! पण थोड्याच दिवसांत बाटली अर्धी रिकामी. रमणकाका आधी कबूलच होईनात. शेवटी म्हणाले, "मारी बैरीनी एडी..." बायकोच्या भेगाळलेल्या टाचा लोण्यासारख्या मऊ झाल्या होत्या हो! मग काय, ऑफिसातल्या बायकांची रांगच लागली.

सर म्हणाले, "चला, एक तरी पेशंट बरा झाला."

*

हसतोय खरं, पण त्याच वर्षी कैलासच्या आईला छातीत गाठ निघाली. ऑपरेशन झालं, मग तेच लाल औषध सुरू झालं, साधं. पहिल्याच डोसनंतर केस हातात यायला लागले. तिला धीर द्यायला हा शहाणा म्हणाला, "माय, आमच्या औषधाने केस नाही जायचे."

झालं! माय हटून बसली. "मन्हा पोऱ्यानी दवाई लेसू. दुसरी नही!"

पुढच्या डोसची तारीख टळली. कैलास लॅबमध्ये येऊन रडला. मला त्याचा रागही आला आणि कीवही. शेवटी सर स्वतः उठले, आम्हाला घेऊन बमरोलीला गेले.

माय डोक्यावरून पदर घट्ट ओढून खाटेवर बसली होती. सर समोर स्टुलावर बसले.

"माय, तुमच्या मुलाचं औषध अजून बाटलीतसुद्धा नीट टिकत नाही. उंदरालाही दिलेलं नाही. माणसाला मिळायला वर्षं जातील. तुम्हाला आज जे आहे तेच घ्यावं लागेल."

मायने तोंड भिंतीकडे फिरवलं.

सरांनी स्टूल पुढे ओढलं. "आणि एक सांगू? साध्या औषधाशी ताडून बघितल्याशिवाय मी कुणाला पास करत नाही."

सरांचं हिंदी-गुजराती मायला बरोब्बर कळलं. तिने कैलासकडे बघितलं, मग सरांकडे. "मंग मी नही लिधी ते पोऱ्यानी परीक्षा अडस का?"

"अडस!" सर म्हणाले. अहिराणीतला तेवढा एकच शब्द त्यांनी आयुष्यात उच्चारला असेल.

माय उठली, पायात चपला घातल्या आणि म्हणाली, "चाला."

*

कैलासची व्हायवा लांबत लांबत पुढच्या वर्षी झाली, नेमकी चांदनी पडव्याच्या दिवशी. त्या दिवशी सुरतेत माणूस घारी खाल्ल्याशिवाय राहत नाही, म्हणून रमणकाकांनी मागच्या बाकावर पेटी उघडूनच ठेवलेली. बाहेरगावचे परीक्षक फार कडक. कैलासला दरदरून घाम. कणांचे ग्राफ एकामागून एक पडद्यावर उलटे पडत होते.

परीक्षकांनी चष्मा काढला. "हे तुमचे कण झाले. पण साधं औषध कुठे आहे?"

जरीवाला सर खुर्चीत ताठ झाले. कैलासने हातातल्या कागदांत शोधलं, सापडेना. मग तो एकदम थांबला. मागे वळला. शेवटच्या बाकाकडे बोट केलं.

तिथे माय बसली होती. पदर खांद्यावर, डोक्यावर बोटभर काळेभोर कुरळे केस, हाताला तूप आणि तोंडात आख्खी घारी.

"ते काय, सर," कैलास म्हणाला.